ऑनलाइन सर्वेक्षणात प्रश्नाखाली मदतीचे बटन कसे द्यावे: लाइमसर्व्हेमधील सविस्तर कृती

शेतकऱ्यांच्या एका गटासाठी ऑनलाइन सर्वेक्षण तयार करताना ‘आपली एकूण शेतजमीन किती?’ हा अगदी साधा वाटणारा प्रश्न मी घातला होता आणि उत्तरासाठी एक रिकामी चौकट ठेवली होती. उत्तरे आली तेव्हा कोणी २ लिहिले होते, कोणी ८०, तर कोणी ०.८०. तिघांचीही जमीन जवळजवळ सारखीच असू शकते, कारण पहिल्याने एकर सांगितले, दुसऱ्याने आर सांगितले आणि तिसऱ्याने सातबाऱ्यावरचा हेक्टरचा आकडा तसाच उतरवला. उत्तर देणाऱ्यांपैकी कोणीही चुकले नव्हते. ज्या क्षणी त्यांना शंका आली, त्या क्षणी ती विचारायला समोर कोणी नव्हते, एवढेच घडले होते. कागदी सर्वेक्षणात प्रगणक समोर बसलेला असतो आणि ‘एकरात सांगा’ असे म्हणतो. ऑनलाइन सर्वेक्षणात ते काम प्रश्नाखालच्या एका छोट्या बटनाला करावे लागते.

हे बटन कसे बसवावे, ते लाइमसर्व्हे या साधनाच्या आधाराने मी येथे सांगतो. हे मुक्तस्रोत साधन २००३ मध्ये पीएचपीसर्व्हेयर या नावाने सुरू झाले आणि २००७ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. स्वतःच्या सर्व्हरवर ते विनामूल्य बसवता येते, एकाच सर्वेक्षणात अनेक भाषा ठेवता येतात आणि प्रश्न ज्या साच्यातून पडद्यावर येतो तो साचाही आपल्याला बदलता येतो. या तिसऱ्या सोयीमुळे प्रत्येक प्रश्नात वेगळी खटपट न करता सगळ्या सर्वेक्षणाला एकदाच बटन देता येते.

आधी प्रश्न, मग बटन

बटनाकडे वळण्यापूर्वी प्रत्येक प्रश्न पुन्हा वाचून, सर्वांनाच लागणारी माहिती कोणती आणि काहींनाच लागणारी कोणती, हे वेगळे करावे. सर्वांना लागणारी माहिती बटनामागे कधीही लपवू नये. अमेरिकेतील फ्रेडरिक कॉनराड, मिक कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेब सर्वेक्षणांतील व्याख्यांच्या वापराचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध केला. व्याख्या एका क्लिकवर ठेवली तरी ती उघडून पाहणारे थोडेच असतात आणि त्यासाठी जास्त क्लिक करावे लागले की तेही कमी होतात, असे त्यात दिसले. याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याचा प्रश्नाबाबत गैरसमज झालेला असतो, त्याला आपला गैरसमज झाला आहे हेच ठाऊक नसते; मग तो मदत कशासाठी मागेल?

म्हणून वरच्या प्रश्नाची दुरुस्ती बटनाने होत नाही. ‘आपली एकूण शेतजमीन किती एकर आहे?’ असे एकक प्रश्नातच यायला हवे, किंवा एकर आणि गुंठे अशा दोन चौकटी द्यायला हव्यात. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर एकरात कसे बदलायचे, सामाईक खात्यातला वाटा कसा धरायचा, खंडाने घेतलेली जमीन मोजायची की नाही, या गोष्टी मात्र काहींनाच लागतात. त्यांची जागा बटनामागे आहे.

दुसरे उदाहरण कुटुंबाचे घ्या. ‘आपल्या कुटुंबात किती व्यक्ती आहेत?’ या प्रश्नाला पुण्यात नोकरी करणारा मुलगा गावातल्या आईवडिलांना धरून उत्तर देईल, की स्वतःच्या बिऱ्हाडापुरते? जनगणनेत कुटुंब म्हणजे सर्वसाधारणपणे एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातले जेवण घेणाऱ्या व्यक्तींचा गट, अशी व्याख्या आहे. आपल्याकडे ‘चूल वेगळी झाली’ असे म्हणतात, त्यातही हीच कल्पना आहे. तेव्हा प्रश्न ‘आपल्या घरी एका चुलीवर जेवणाऱ्या व्यक्ती किती?’ असा विचारावा आणि शिक्षणासाठी वसतिगृहात राहणारी मुले, दोन भावांचे एकच घर पण वेगळा स्वयंपाक, अशा कडेच्या शंका मदतीच्या मजकुरात सोडवाव्यात.

मदतीचा मजकूर लाइमसर्व्हेमध्ये भरणे

लाइमसर्व्हेमध्ये प्रश्न संपादित करायला उघडला की प्रश्नाच्या मजकुरासोबतच ‘हेल्प’ नावाची जागा दिसते. मदतीचा मजकूर तेथेच भरावा; तो प्रश्नाच्या मजकुरात मिसळू नये. स्वतंत्र जागेत असलेला मजकूरच पुढे साच्यातून वेगळा काढून बटनामागे ठेवता येतो. सर्वेक्षण मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत असेल, तर ही जागा प्रत्येक भाषेसाठी वेगळी असते. मूळ भाषेत मदत भरली आणि दुसऱ्या भाषेत ती राहून गेली, अशी चूक फार वेळा होते. त्यामुळे सगळे प्रश्न एका भाषेत पूर्ण झाल्यावर भाषा बदलून पहिल्या प्रश्नापासून पुन्हा एकदा फिरावे.

मजकूर लिहिताना पहिल्या वाक्यात थेट उत्तराला उपयोगी पडेल अशी गोष्ट यावी. शेतजमिनीच्या प्रश्नासाठी मी पुढील मजकूर लिहिला:

‘सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आर यांत दिलेले असते. १ एकर म्हणजे ४० गुंठे, म्हणजेच सुमारे ४०.५ आर. सातबाऱ्यावर ०.८०.०० असे लिहिले असल्यास ते ८० आर, म्हणजे जवळजवळ २ एकर होतात. अशा वेळी २ लिहावे. खाते सामाईक असल्यास फक्त आपल्या वाट्याला येणारे क्षेत्र लिहावे. खंडाने घेतलेली जमीन येथे धरू नये; तिच्यासाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.’

यात ‘क्षेत्रफळाच्या परिमाणांबाबत सूचना’ असे शीर्षक नाही आणि प्रस्तावनाही नाही. उदाहरणात घेतलेला आकडा सातबाऱ्यावर जसा छापलेला असतो तसाच दिला आहे, कारण हातात उतारा घेऊन बसलेला माणूस आधी आपल्या कागदावरच्या आकड्यासारखा आकडा शोधतो. आर आणि गुंठा यांतला फरक फार थोडा आहे. आर म्हणजे १०० चौरस मीटर, तर गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, अर्थात सुमारे १०१.१७ चौरस मीटर. बोलण्यात दोन्ही एकच धरले जातात आणि सर्वेक्षणापुरते तेवढे चालते. मदतीच्या मजकुरात हा फरक समजावून सांगत बसू नये. पाच-सहा वाक्यांहून लांब मदत फोनच्या पडद्यावर मावत नाही आणि ती उघडल्यावर उत्तराची चौकटच नजरेआड जाते.

बटनावर काय लिहावे

या मुद्द्यावर थोडे थांबणे गरजेचे आहे. इंग्रजी सर्वेक्षणात ‘हेल्प’ लिहून भागते, म्हणून मराठीत ‘मदत’ असे सरळ भाषांतर करण्याकडे कल असतो. पण शेतीच्या सर्वेक्षणात ‘मदत’ या शब्दाला एक ठरलेला अर्थ आहे. अतिवृष्टीची मदत, दुष्काळी मदत, पंचनाम्यानंतर खात्यावर जमा होणारी मदत, हे सगळे पैशाच्या संदर्भात बोलले जाते. पीकनुकसानीच्या प्रश्नाखाली ‘मदत’ असे बटन दिले, तर ते दाबल्यावर अर्ज उघडेल अशी अपेक्षा कोणी ठेवली तर त्यात त्याचा काय दोष? अशी अपेक्षा निर्माण करून ती मोडणे मला योग्य वाटत नाही. लेखात सोयीसाठी मी ‘मदतीचे बटन’ म्हणत असलो, तरी प्रत्यक्ष बटनावर ‘हा प्रश्न समजून घ्या’ किंवा ‘कसे लिहावे ते पाहा’ असे लिहावे. नुसते प्रश्नचिन्ह देऊ नये. संगणकाची सवय असलेल्यांना त्याचा अर्थ कळतो, पण इतरांना ते छपाईतले चिन्ह वाटते आणि दाबण्याची वस्तू वाटत नाही.

बटनाची रीत कशी निवडावी

मदत दाखवण्याचे तीन मार्ग सहसा सुचवले जातात. पहिला मार्ग माउस वर नेल्यावर तरंगणाऱ्या चौकटीचा आहे. फोनवर माउस नसल्यामुळे तो बहुतेक उत्तरदात्यांसाठी नसल्यासारखाच आहे. दुसरा मार्ग वेगळे पान किंवा सगळा पडदा व्यापणारी खिडकी उघडण्याचा आहे. त्यात प्रश्न झाकला जातो, आणि मदतीचा दुवा त्याच टॅबमध्ये उघडला तर त्या पानावर भरलेली पण अजून पुढे न पाठवलेली उत्तरे जाण्याची भीती असते. तिसऱ्या मार्गात बटन दाबले की मजकूर त्याच जागी, प्रश्नाखाली उलगडतो आणि पुन्हा दाबले की मिटतो. सर्वेक्षणासाठी हाच मार्ग योग्य आहे, कारण प्रश्न, मदत आणि उत्तराची चौकट तिन्ही डोळ्यांसमोर राहतात.

यासाठी एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपाने लिहिण्याच्या भाषेत, तयार जोडी आहे: ‘डिटेल्स’ हा बाहेरचा टॅग आणि त्याच्या आत पहिला येणारा ‘समरी’ हा टॅग. समरीमध्ये लिहिलेले शब्द नेहमी दिसतात आणि दाबता येतात. डिटेल्समधला बाकीचा मजकूर दाबल्यावर उघडतो. उघडणे, मिटणे, कळफलकावरून चालणे आणि पडदावाचकाला (दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला) ‘मिटलेले आहे’ किंवा ‘उघडले आहे’ हे कळवणे, ही सगळी कामे ब्राउझर स्वतः करतो. जावास्क्रिप्टची एक ओळही लागत नाही.

हे टॅग ‘हेल्प’च्या जागेत हाताने टाकण्याचा मोह आवरावा. लाइमसर्व्हेमध्ये घातक कोड अडवणारी गाळणी असते, तिला एक्सएसएस फिल्टर म्हणतात. ती सुरू असताना तिला ओळखीचे नसलेले टॅग मजकूर जतन होताना निघून जाऊ शकतात. प्रमुख प्रशासकाच्या खात्यातून काम करताना सगळे नीट दिसते, मग एखादा सहकारी आपल्या साध्या खात्यातून त्याच प्रश्नातली एक वेलांटी सुधारून जतन करतो आणि बटन नाहीसे होते. साच्यात केलेल्या बदलाला हा धोका नाही.

साच्यात बदल करणे

यासाठी थीम, म्हणजे सर्वेक्षणाच्या साच्यांचा आणि सजावटीचा संच, संपादित करण्याचा अधिकार असलेले खाते लागते. सर्वेक्षण ज्या थीमवर चालते ती मूळ थीम बदलू नये. थीमच्या यादीत तिच्यासमोरचा ‘एक्स्टेंड’ हा पर्याय वापरून तिच्यापासून नवी थीम करावी आणि तिला ओळखता येईल असे नाव द्यावे. नव्या थीममध्ये आपण बदललेल्या फाइली तेवढ्या वेगळ्या राहतात आणि बाकी सर्व मूळ थीममधून येते. थेट मूळ थीमला हात लावला, तर लाइमसर्व्हेची पुढची आवृत्ती बसवताना आपले काम पुसले जाते.

आता नव्या थीमचा संपादक उघडून ‘स्क्रीन’च्या यादीतून ‘क्वेश्चन’ निवडावे. बाजूला ट्विग फाइलींची, म्हणजे पानाचे साचे लिहिलेल्या फाइलींची, यादी येते. तीत ‘क्वेश्चन’ आणि ‘हेल्प’ हे दोन्ही शब्द नावात असलेली फाइल शोधावी. मदतीचा मजकूर पडद्यावर आणणारी हीच फाइल असून ती अगदी छोटी असते. तिच्यात मदत भरलेली आहे का हे तपासणारी अट आणि त्या अटीच्या आत मजकूर धरणारा एक ‘डिव्ह’ असतो. डिटेल्सचा सुरुवातीचा टॅग अटीच्या आत पण त्या डिव्हच्या आधी लिहावा, लगेच समरीमध्ये बटनाचे शब्द लिहावेत आणि डिव्ह संपल्यावर डिटेल्स बंद करावा. अटीच्या आत ही जागा महत्त्वाची आहे. अटीच्या बाहेर लिहिले तर ज्या प्रश्नांना मदत भरलेलीच नाही, त्यांच्याखालीही बटन येते आणि दाबल्यावर काहीच उघडत नाही. असे एक रिकामे बटन भेटले की उत्तरदाता पुढची बटने दाबत नाही.

डिटेल्सला आपला एक क्लास, म्हणजे ओळखीचे नाव, द्यावा, म्हणजे पुढे सजावट करता येईल. मूळ डिव्हचे क्लास जसे आहेत तसेच ठेवावेत. फाइल जतन करताना ‘कॉपी टू लोकल थीम अँड सेव्ह चेंजेस’ असे बटन दिसते. त्याचा अर्थ, या फाइलीची प्रत आता आपल्या थीममध्ये आली. शेवटी सर्वेक्षणाच्या सेटिंगमध्ये जाऊन ही नवी थीम निवडावी. ही पायरी विसरल्यामुळे ‘सगळे केले तरी बटन दिसत नाही’ म्हणून अर्धा दिवस घालवलेले लोक मला ठाऊक आहेत.

सर्वेक्षण दोन भाषांत असेल, तर समरीतले शब्दही दोन भाषांत लागतात, कारण ते थीममध्ये लिहिलेले आहेत आणि प्रश्नाच्या भाषेबरोबर आपोआप बदलत नाहीत. समरीमध्ये दोन ‘स्पॅन’ टॅग करून एकात मराठी आणि एकात इंग्रजी शब्द ठेवावेत आणि पानाच्या मूळ टॅगवरील ‘लँग’ या गुणधर्माला धरून सीएसएसने, म्हणजे पानाची मांडणी आणि रंग ठरवणाऱ्या नियमांनी, नको असलेला स्पॅन पूर्णपणे लपवावा.

बटन दिसायला कसे असावे

सजावट थीमच्या ‘कस्टम’ नावाच्या सीएसएस फाइलीत करावी. समरी मुळात एका बारीक त्रिकोणासह साध्या ओळीसारखी दिसते, त्यामुळे तिला कड, थोडी पार्श्वभूमी आणि पुरेशी उंची द्यावी. वेबवरील सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत, जे ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, दाबायच्या जागेसाठी निदान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेलची अपेक्षा आहे. त्याहून वरच्या पातळीवर ती ४४ बाय ४४ आहे. शेतात काम करणाऱ्या हातांनी आणि तडा गेलेल्या पडद्यावर वापरले जाणारे बटन असेल, तर मी ४४च धरतो. अक्षरांचा रंग आणि पार्श्वभूमी यांतली तफावत किमान ४.५ला १ असावी. फिकट राखाडी अक्षरे कार्यालयातल्या पडद्यावर नीटनेटकी दिसतात, पण उन्हात ती वाचता येत नाहीत.

देवनागरीसाठी ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये. बटनाची उंची पक्की बांधून ठेवली, तर वरची वेलांटी किंवा खालचा उकार कापला जातो. ‘हा प्रश्न समजून घ्या’ यातल्या ‘जू’चा ऊकार पूर्ण दिसतो का, एवढे एक ठिकाण मोठे करून पाहिले तरी पुरते. उंची बांधण्याऐवजी आत वरून व खालून मोकळी जागा सोडावी, म्हणजे वाचकाने फोनमध्ये अक्षर मोठे केले तरी बटन त्याबरोबर वाढते. कळफलकाने त्या बटनावर आल्यावर त्याभोवती दिसणारी चौकट काढून टाकू नये.

संपूर्ण सर्वेक्षणासाठी एक बटन

काही शंका एका प्रश्नाच्या नसतात. हे सर्वेक्षण कोण करत आहे, माहिती कोणाकडे जाणार, मधेच सोडले तर पुन्हा सुरू करता येईल का, अडल्यास कोणाला फोन करावा, अशा प्रश्नांसाठी प्रत्येक पानावर एकाच जागी एक बटन हवे. डब्ल्यूसीएजी २.२मध्ये एक नवा निकष याच बाबतीत आला आहे: मदतीची सोय अनेक पानांवर असेल, तर तिचा क्रम प्रत्येक पानावर सारखाच असावा. म्हणून हे बटन थीमच्या शीर्षभागाच्या फाइलीत घालावे.

वैयक्तिक माहिती गोळा होत असेल, तर या मजकुराला कायद्याचीही बाजू आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, अशी तरतूद आहे आणि मराठी त्या अनुसूचीत आहे. ही सूचना मात्र संमतीच्या ठिकाणी उघडपणे द्यावी. बटनामागे तिची आठवण ठेवायला हरकत नाही, पण तिचे मूळ स्थान बटनामागे असता कामा नये.

येथेही डिटेल्स-समरी चालते. तरीही कोणाला ‘बटन’ टॅग वापरून जावास्क्रिप्टने मजकूर उघडायचा असेल, तर त्याने एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. लाइमसर्व्हेचे प्रत्येक पान हा एक फॉर्म असतो आणि फॉर्मच्या आतल्या बटनाचा प्रकार सांगितला नसेल, तर ब्राउझर त्याला ‘सबमिट’ समजतो. मग वाचक शंका म्हणून ते दाबतो आणि अर्धवट भरलेले पान पाठवले जाते किंवा ‘हा प्रश्न अनिवार्य आहे’ अशी लाल सूचना येते. ही चूक मी स्वतः केली आहे. ‘मी काही विचारले तर उलट मलाच रागावते’ असे एका आजींनी मला फोनवर सांगितले, तेव्हा कुठे तिचा उलगडा झाला. बटनाचा ‘टाइप’ हा गुणधर्म ‘बटन’ असाच लिहावा. शिवाय थीमच्या पर्यायांत अ‍ॅजॅक्स मोड सुरू असेल, तर पुढच्या पानावर जाताना पूर्ण पान नव्याने उतरत नाही; त्यामुळे पहिल्या पानावर चालणारी स्क्रिप्ट दुसऱ्या पानावर गप्प राहते. अशा वेळी तो मोड बंद करणे सर्वांत सोपे.

चाचणी

सर्वेक्षण सक्रिय करण्यापूर्वी पूर्वदर्शनात ते एकदा संगणकावर आणि एकदा साध्या फोनवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत भरावे. संगणकावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, एंटर आणि स्पेस या कळांनी प्रत्येक मदत उघडता व मिटवता येते का ते पाहावे. फोनवर टॉकबॅक हा अँड्रॉइडमधला पडदावाचक सुरू करून ऐकावे. वीस प्रश्नांखाली वीस वेळा ‘हा प्रश्न समजून घ्या’ एवढेच ऐकू आले, तर दृष्टिहीन वाचकाला कोणते बटन कशाचे ते कळत नाही. त्यासाठी समरीमध्ये प्रश्नाचा क्रमांक, पडद्यावर न दिसणाऱ्या पण वाचला जाणाऱ्या मजकुरात जोडावा.

त्यानंतर ज्यांच्यासाठी सर्वेक्षण आहे अशा चार-पाच जणांसमोर ते ठेवावे आणि आपण गप्प बसावे. एखादा माणूस थांबला, कपाळाला आठी आली आणि तरी त्याने बटन दाबले नाही, तर बटनावरचे शब्द बदलायला हवेत. दाबले आणि वाचूनही त्याने आपल्याकडे पाहिले, तर आतला मजकूर बदलायला हवा. पाचपैकी चौघांनी एकाच प्रश्नाखालचे बटन दाबले, तर तो प्रश्नच नव्याने लिहावा.

सर्वेक्षण सक्रिय झाल्यावर लाइमसर्व्हे नवे प्रश्न जोडू देत नाही, मात्र मदतीचा मजकूर बदलता येतो. म्हणून तो बदलताना अधिक जपावे. ‘खंडाने घेतलेली जमीन धरू नये’ हे वाक्य मधेच जोडले, तर आधीची आणि नंतरची उत्तरे एकाच मापाने मोजलेली राहत नाहीत. बदल टाळता येत नसेल, तर तारीख, वेळ, जुना मजकूर आणि नवा मजकूर यांची नोंद ठेवावी आणि विश्लेषण करणाऱ्याच्या हाती उत्तरांच्या फाइलीबरोबर ती नोंदही द्यावी.